टर्नटेबलची थरथर: आधी शोधा, रबर मग आणा

गेल्या पावसात एका रात्री लाईट गेली, इन्व्हर्टर चालू झाला, आणि लागलेल्या रेकॉर्डमधल्या तानपुऱ्याला अचानक पाचवी तार फुटली. खर्जाच्याही खाली कुठेतरी 'घूंऽऽ' असा आवाज, गायकाने श्वास घेतला की जास्तच. आधी वाटलं स्पीकर गेला, मग वाटलं प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) गेला, आणि मग सहज टर्नटेबलवर बोटं टेकवली तर बोटांना मुंग्या. म्हणजे थरथर तिथेच होती, रोजच होती, इन्व्हर्टरने फक्त तिचा आवाज वाढवला.

टर्नटेबल मूळचा टेक्निक्स एसएल-१२०० एमके२, म्हणजे १९७९ साली आलेलं मॉडेल. मुंबईतून सेकंडहँड घेतला आणि आधीच्या मालकाने त्याच्यावर हौसेने भरपूर उद्योग केलेले. खालचा जाड जड रबरी तळ काढून त्या जागी १२ मिलीमीटर प्लायचा पोकळ खोका, आर्म (सुई धरणारा दांडा) बदललेला, आर्मखाली एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाचा) तुकडा, पाय कुठल्यातरी अँपचे. दिसायला झकास. पण त्या खोक्यावर टिचकी मारली की पखवाजाच्या धुमासारखा आवाज यायचा, आणि पखवाजावर सुई टेकवून गाणं ऐकायचं म्हटल्यावर आणखी काय होणार.

पुढचे सहा महिने मी आधी सगळ्या चुका केल्या आणि मग थोडं डोकं वापरलं. तुमच्याकडे असाच मॉडिफाय केलेला डायरेक्ट ड्राइव्ह (मधे बेल्ट नाही, मोटरच थेट तबकडी फिरवते असा टर्नटेबल) असेल तर तुम्ही निदान क्रम उलटा धरा.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा

सुईला 'आवाज' कळत नाही, तिला फक्त फरक कळतो. खाली खाचेची हालचाल आणि वर कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) धरून बसलेला आर्म, या दोघांत जो फरक पडेल तो सगळा तिच्या लेखी संगीत. म्हणून स्पिंडल (तबकडीच्या मधला खुंटा) आणि आर्मचा पाया एकत्र हलले तर बऱ्यापैकी चालून जातं, पण एक हलला आणि दुसरा नाही हलला की ते थेट स्पीकरमधून ऐकू येतं. याचा अर्थ स्पिंडल ते आर्म हा रस्ता घट्ट, दगडासारखा हवा, आणि मऊपणा जो काय ठेवायचा तो या सगळ्याच्या खाली, घर आणि टर्नटेबल यांच्या मध्ये. मी नेमकं उलटं केलं होतं, आर्मबोर्डखाली, म्हणजे आर्म ज्यावर बसतो त्या तुकड्याखाली, मऊ रबराचा वॉशर घातला, 'व्हायब्रेशन अडेल' म्हणून, आणि बेस एकदम पिचपिचीत झाला. दोन दिवसांत काढला.

कोण थरथरतंय ते शोधायचं

हे काम रात्री करा, घर शांत असताना. व्हॉल्यूम नेहमीपेक्षा जरा कमी ठेवा, सुई उचलता टेकवताना म्यूट करा, नाहीतर वूफर हातात येईल.

मोटर बंद, आर्म हवेत. गुणगुण येते का? येत असेल तर आर्म रेस्टपासून स्पिंडलपर्यंत हळूच हवेतल्या हवेत फिरवा. जागेनुसार गुणगुण कमी जास्त झाली तर ती थरथर नव्हेच, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकी क्षेत्र कार्ट्रिजमध्ये शिरतंय. आर्म कुठेही नेला तरी सारखीच येत असेल तर अर्थिंग बघा, आर्मची अर्थची वायर सुटलेली असते नव्वद टक्के वेळा (नव्वद हा माझा अंदाज, पण मनावर घ्या). यातल्या कशालाही रबर लावून काही होणार नाही.

आता मोटर बंदच, पण सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा. आता नव्याने जो आवाज आला तो खरा थरथरीचा, घरातून, जमिनीतून, ट्रान्सफॉर्मरमधून येणारा. टेबलावर, खोक्यावर, भिंतीवर नखाने हलकेच टकटक करा. 'टक' असा कोरडा आवाज येऊन संपला तर ठीक, 'ढुम्म' असा रेंगाळला तर ती जागा घुमतेय.

तिसरी टेस्ट जरा गमतीची आहे. प्लॅटरच्या (फिरत्या तबकडीच्या) कडेबाहेर, आर्म पोचेल अशा जागी चॅसीवर (टर्नटेबलच्या धातूच्या अंगावर) एक छोटा लाकडी ठोकळा ठेवा, उंची प्लॅटरवरच्या रेकॉर्डइतकी, वर टाकाऊ रेकॉर्डचा तुकडा चिकटवलेला. सुई त्या तुकड्यावर टेकवा आणि मोटर चालू करा. प्लॅटर फिरतोय पण सुई फिरत्या वस्तूवर नाही, त्यामुळे मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स चॅसीला किती हलवतात ते एकटं ऐकू येतं. माझ्याकडे जवळजवळ काहीच आलं नाही. डायरेक्ट ड्राइव्हची मोटरच घरघरते असं बेल्टवाली मंडळी छातीठोकपणे सांगत असतात, पण धडधाकट एमके२ मध्ये मोटर सहसा शेवटचा आरोपी असतो. कंपनीने रंबलचा (मोटर-बेअरिंगच्या घरघरीचा) आकडा उणे ७८ डेसिबल दिलाय तो उगाच नाही.

कानावर भागत नसेल तर मोबाईल घ्या. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं, त्यात ॲक्सिलरेशन स्पेक्ट्रम असतो, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती थरथर आहे त्याचा आलेख. फोन खोक्यावर आडवा ठेवायचा आणि बघायचं. फोनच्या सेन्सरला खालच्याच फ्रिक्वेन्सी दिसतात, पण आपल्याला त्याच हव्यात. वरच्यासाठी लॅपटॉपवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये थांबलेल्या रेकॉर्डचा आवाज मिनिटभर रेकॉर्ड करून त्याचा स्पेक्ट्रम काढा.

आपल्याकडच्या घरात भेटणारे पाहुणे साधारण असे ओळखायचे. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांची थरथर १०० हर्ट्झला येते, मेन्स ५० ची असली तरी, कारण पत्रे प्रत्येक सायकलमध्ये दोनदा ताणले जातात. बरोब्बर ५० ला टोक असेल तर बहुतेक इलेक्ट्रिकल हम, म्हणजे वायरींतून येणारी विजेची गुणगुण. आणि ४८ च्या आसपास असेल तर विहिरीवरचा पंप! त्याची मोटर मिनिटाला साधारण २,८८० फेरे मारते, त्याला ६० ने भागा. मी दोन आठवडे त्या ४८ ला हम समजून वायरी बदलत बसलो आणि शेवटी आई म्हणाली, 'अरे पण तुझा तो आवाज संध्याकाळी सातलाच का येतो?' सातला ती माडांना पाणी सोडते. सीलिंग फॅन फुल्लवर मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरतो म्हणजे ६ हर्ट्झच्या जवळ, पातं जरा वाकडं असलं की माडीच्या तुळया त्याच तालात डोलतात, ऐकू काही येत नाही पण वूफरचा पडदा आतबाहेर करताना दिसतो.

आणि इन्व्हर्टर. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर जास्त गुणगुणतो, माझी पाचवी तार ती हीच. प्युअर साइन वेव्हचा घेतला तर हा त्रास जातो, किंवा मग लाईट गेल्यावर गप्प झोपा.

जागा

हा सगळ्यात फुकटातला आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा भाग आहे, आणि लोक नेमका हाच सोडून देतात.

माझा टर्नटेबल माडीवर होता. लाकडी फळ्या, खाली तुळया, जिन्यावर कोणी पाय ठेवला तरी सुई उडी मारणार. माडीवर काहीही करा, स्प्रिंगा लावा, हजारो रुपयांचे पाय आणा, जमीनच झोपाळा असेल तर उपयोग नाही. खाली माजघरात आणला, कोब्याच्या जमिनीवर, तिथेच निम्मं काम झालं. माडीशिवाय इलाज नसेल तर निदान बाहेरच्या भिंतीला लागून, तुळईचं टोक जिथे भिंतीत जातं तिथे ठेवा, मधोमध नको.

त्याहून चांगली भिंतीवरची फळी. पण आपल्या चिऱ्याच्या भिंतींचं एक आहे, जांभा मऊ आणि सच्छिद्र, त्यात प्लास्टिकचा प्लग ठोकून स्क्रू पिळला की आज घट्ट वाटतो आणि दोन महिन्यांनी बोटाने बाहेर येतो. आरपार भोक पाडून १२ मिलीमीटरचे आटेवाले रॉड घाला, पलीकडच्या बाजूला लोखंडी पट्टी, दोन्हीकडून नट. पलीकडची खोली सुंदर दिसत नाही, त्याची तयारी ठेवा. आरपार जमत नसेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात रेझिन भरून रॉड चिकटवायचा. आणि त्याच भिंतीच्या पाठीमागे फ्रीज नाही ना ते बघा, हसू नका, माझ्या मावशीकडे होता.

स्पीकर आणि टर्नटेबल एका टेबलावर ठेवू नका. कोपऱ्यात तर नकोच, बेस कोपऱ्यात साचतो. वाजवताना झाकण काढून बाजूला ठेवा, ते ॲक्रिलिकचं झाकण म्हणजे हवेतला आवाज पकडणारं शीड असतं.

खोका

पोकळ खोका ठेवायचा नाही, एवढंच. मूळ रबरी तळ मिळत असेल तर डोळे झाकून तोच परत लावा, त्या माणसांनी ते विचार करून केलं होतं, १९७२ चं पहिलं १२०० आणि एमके२ यांच्या मधल्या काळात हा टर्नटेबल डिस्कोत जाऊन बसला होता आणि तिथल्या स्पीकरांपुढे टिकायचं तर चॅसी मुकी लागते. मला तळ मिळाला नाही म्हणून मी बनवला.

पहिला विचार फणसाच्या लाकडाचा. घरचाच फणस पडला होता, फळ्या काढून ठेवलेल्या, रंग काय सुंदर. मेस्त्रींना दाखवलं तर त्यांनी फळी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाले, 'ह्या लाकूड अजून सुकाक नाय, पावसात वाकतला.' मी म्हटलं पॉलिश मारू. ते काही बोलले नाहीत. जुलैत तो वाकला, आर्मबोर्डच्या बाजूने दोन मिलीमीटर वर. किनाऱ्यावरच्या हवेत अखंड लाकडाचा हट्ट धरायचा तर फळ्या चांगल्या दोनतीन वर्षं सुकलेल्या पाहिजेत.

मग सरळ वॉटरप्रूफ प्लाय. १८ मिलीमीटरचे तीन थर, मोटर आणि सर्किट बसेल तेवढंच मधे कोरून काढलेलं, बाकी सगळं भरीव. थरांच्या मध्ये गाडीच्या दारात आतून लावतात ती बिटुमेनची डॅम्पिंग शीट, कार ॲक्सेसरीवाल्याकडे मिळते. दोन कडक थरांमध्ये एक चिकट थर अडकला की वाकताना तो चिकट थर घासला जातो आणि थरथरीची ऊर्जा तिथेच उष्णता होऊन संपते. नुसती शीट वरून चिकटवून याच्या निम्माही परिणाम येत नाही, वर दुसरा कडक थर पाहिजेच. आणि धातूची चॅसी प्लायवर स्क्रूने सगळीकडून सारखी दाबून बसवा, मधे फट राहिली तर ती जागा झांजेसारखी वाजते.

काम करताना दोन सावधगिऱ्या. प्लग काढा आणि मगच प्लॅटर उचला. आणि उचललेला प्लॅटर लांब स्वच्छ कपड्यावर ठेवा, त्याच्याखाली गोल मॅग्नेट आहे, ड्रिलचा लोखंडी कीस त्याला चिकटला की काढता काढता संध्याकाळ होते. स्पिंडलला तेलाचे दोनतीन थेंब, कंपनीच्या हिशोबाने २,००० तासांनी एकदा, उत्साहात बुधली ओतू नका.

ट्रान्सफॉर्मर बाहेर

१०० हर्ट्झचं टोक दिसलं असेल तर याला पर्याय नाही. ट्रान्सफॉर्मर वेगळ्या धातूच्या डब्यात, टर्नटेबलपासून मीटरभर तरी लांब, आणि मधून फक्त कमी व्होल्टेजची वायर. २३० व्होल्ट त्या डब्याच्या आतच राहिले पाहिजेत, डब्याला अर्थ, आत फ्यूज. हे काम येत नसेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून करून घ्या, यात शिकायला जाऊ नका. माझ्याकडे हे केल्यावर १०० चं टोक गेलं ते गेलंच, आणि आर्म हवेत असतानाची गुणगुणही गेली, एका दगडात दोन पक्षी.

आर्म आणि कार्ट्रिजचं गणित

आर्म मॉडिफाय केलेला असेल तर हे करायलाच लागतं. कार्ट्रिजच्या सुईची लवचिक काडी ही स्प्रिंग आणि आर्म, कार्ट्रिज, स्क्रू हे सगळं मिळून वजन, त्यांची एक स्वतःची डोलायची फ्रिक्वेन्सी असते. १५९ ला भागायचं, कशाने, तर एकूण वजन ग्रॅममध्ये गुणिले कंप्लायन्स (काडी किती लवचिक त्याचा कंपनीने दिलेला आकडा), त्याच्या वर्गमूळाने. उत्तर ८ ते १२ हर्ट्झमध्ये आलं की झालं. त्याच्या खाली गेलं तर वाकड्या रेकॉर्डची आणि पावलांची हालचाल तिथे बसते, वर गेलं तर संगीतातच घुसतं.

एमके२ च्या मूळ आर्मचं इफेक्टिव्ह मास (सुईला जाणवणारं वजन) १२ ग्रॅम. त्यावर ऑर्टोफॉन २एम रेड ही कार्ट्रिज लावली, ७.२ ग्रॅम, स्क्रू धरून एकूण २०, कंप्लायन्सही २०, गुणाकार ४००, वर्गमूळ २०, उत्तर जवळपास ८. काठावर पास. डेनॉन डीएल-१०३ ८.५ ग्रॅमची, कंप्लायन्स ५ लिहिलेला असतो पण तो जपानी पद्धतीने १०० हर्ट्झला मोजलेला, आपल्या हिशोबासाठी अंदाजे दुप्पट धरतात, म्हणजे साडेएकवीस गुणिले दहा, उत्तर ११ च्या जरा खाली. मस्त. हा जपानी आकड्याचा घोळ माहीत नसल्याने लोक चांगली कार्ट्रिज विकून टाकतात.

हेडशेलचे (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या तुकड्याचे) स्क्रू, आर्मच्या पायाचे स्क्रू, काउंटरवेट (आर्मच्या मागचं वजन), सगळं एकदा घट्ट आहे का बघा, पण हेडशेलचे स्क्रू राक्षसासारखे पिळू नका, कार्ट्रिजची बॉडी तडकते. आर्मखालचा एमडीएफ मी फेकला, हवेतल्या ओलीने तो फुगून कडेने भुसभुशीत झाला होता, जागी १० मिलीमीटर ॲल्युमिनियमची प्लेट. वर्कशॉपवाल्याने भोकं पाडून दिली आणि 'हे कशाला लागतं' याचं उत्तर ऐकून चहा पाजला.

प्लॅटरवर मॅट (रेकॉर्डखालची मऊ चकती) न ठेवता टिचकी मारा, घंटा वाजेल, मॅट ठेवल्यावर मुका झाला पाहिजे. नवीन मॅटची जाडी वेगळी असेल तर आर्मची उंची परत लावा. वरून किलो किलोची वजनं ठेवायचं फॅड आहे, मी त्यात पडत नाही, बेअरिंगवर आणि सर्व्होवर (वेग स्थिर ठेवणाऱ्या सर्किटवर) उगाच भार.

आता शेवटी पाय

सगळे जण इथून सुरुवात करतात. मीही केली होती, टेनिस बॉल अर्धे कापून.

मऊ पायावर ठेवलेलं वजन स्वतः एका फ्रिक्वेन्सीला डोलतं, आणि त्याच्या साधारण दीडपटीच्या वरची थरथरच तो अडवतो. त्या फ्रिक्वेन्सीवर मात्र उलट वाढवतो! ती फ्रिक्वेन्सी किती, ते पट्टीने मोजता येतं: वजन ठेवल्यावर पाय १ मिलीमीटर दबला तर अंदाजे १६ हर्ट्झ, अडीच मिलीमीटर दबला तर १०, १ सेंटीमीटर दबला तर ५. आता बघा, अडीच मिलीमीटर दबणारं साधं रबर म्हणजे १० हर्ट्झ, आणि आपला आर्म कुठे डोलतो, तिथेच. दोघे एकमेकांना झोके देत बसतात. माझ्या टेनिस बॉलांनी हेच केलं, वूफर बघवत नव्हता. त्यात रबर हलताना थांबलेल्यापेक्षा जास्त कडक वागतं, म्हणून रबराचं खरं उत्तर या हिशोबापेक्षा वरच येतं.

म्हणून ४ च्या आसपास जायचं, आणि त्याला स्प्रिंग लागते. पण डायरेक्ट ड्राइव्हला स्प्रिंग थेट लावली की स्टार्ट दाबल्यावर प्लॅटर एकीकडे आणि अख्खा टर्नटेबल दुसरीकडे असा झटका खातो, टॉर्क दमदार असतो ना. उपाय वजन. टर्नटेबल कडाप्प्याच्या लादीवर ठेवायचा आणि स्प्रिंगा लादीच्या खाली. माझी लादी ५० बाय ४० सेंटीमीटर, ३ सेंटीमीटर जाड, १६ किलो भरली, टर्नटेबल नव्या खोक्यासकट १६, एकूण ३२, चार स्प्रिंगांवर ८-८ किलो. स्प्रिंगवाल्याला हर्ट्झ सांगू नका, सांगायचं '८ किलोला १५ ते १६ मिलीमीटर दबली पाहिजे आणि तरी वेटोळी एकमेकांना टेकता कामा नयेत'. लगेच कळतं. लादी नुसती ठोकली तर टण्ण वाजते, म्हणून तिच्या खाली बिटुमेनची शीट आणि तिच्यावर पातळ पत्रा. स्प्रिंगच्या पोटात जाड नमद्याची (फेल्टची) गुंडाळी घाला, नाहीतर एकदा हललेली स्प्रिंग हलतच राहते. फोम घालू नका, पीयू फोमचा दमट हवेत दोनतीन पावसाळ्यांत चिकट चुरा होतो.

चारही कोपऱ्यांवर वजन सारखं नसतं. घरातला वजनकाटा एका कोपऱ्याखाली आणि बाकी तिघांखाली तेवढ्याच उंचीचे ठोकळे, असं फिरवत चारही मोजा. माझं ९.३, ८.४, ७.५ आणि ६.८ आलं. स्प्रिंगा आत किंवा बाहेर सरकवून सगळ्यांवर सारखा भार आणायचा, मग वर लेव्हल ठेवून बघायचं.

या सगळ्यात एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर थांबलेल्या रेकॉर्डची टेस्ट परत रेकॉर्ड करून ठेवा, तारीख टाकून. कान दुसऱ्या दिवशी विसरतो आणि खर्च केलेला माणूस स्वतःला पटवण्यात फार हुशार असतो.

माझ्या ताज्या स्पेक्ट्रममध्ये १०० गेलंय, ६ गेलंय, ४८ चं एक बारीक टेकाड अजून दिसतं पण गाणं चालू असताना ऐकू येत नाही. दसऱ्याच्या सुमारास, हवा कोरडी झाली की, लेव्हल परत तपासायची, भिंतीतले नट एकदा पिळायचे, आणि स्प्रिंगांवर गंज दिसला तर तिथेच घासून ग्रीसचं बोट फिरवायचं.